बंद काचेआडचा मामा

“दादा रुसून खोलीत झोपून राहिला, म्हणून मुक्ताच्या लग्नात धाकट्या भावाला मामा म्हणून उभं करावं लागलं.” माझी बहीण सुधा आपल्या लेकीच्या लग्नाची ही हकीकत साऱ्या गोतावळ्यात सांगते. ती मला साफ नामंजूर आहे.

मुलीला बोहल्यावर मामाने आणायचं, आणि त्या मामाला मानाने बोलावून न्यायचं, ही आमच्या घरची रीत. म्हणून त्या छोटेखानी, उंची हॉटेलातल्या खोलीत मी फेटा बांधून बोलावण्याची वाट पाहत बसलो होतो. नंतर विचारलं, तर सुधा म्हणते, “अरे दादा, ग्रुपवर टाकलं होतं की, सगळ्यांनी खाली या म्हणून!” मामाला ‘सगळ्यां’त बोलावतात?

खिडकीची काच उघडणारी नव्हती. खाली हिरवळीवर अंतरपाट धरलेला दिसला, भटजींचे ओठ हलताना दिसले, आणि मुक्ताच्या पाठीशी धाकटा दिसला. जिने उतरून धावण्याजोगे गुडघे माझ्यापाशी उरलेले नाहीत. मी काचेवर थापा मारल्या. एकानेही मान वर केली नाही. माणसाची जागा अशीच जात असावी, त्याच्या डोळ्यांदेखत, जराही आवाज न होता. आणि जातानाही ती किती देखणी दिसते! मुक्ताने हार घालायला हात उचलले, तेव्हा मी ओरडून आशीर्वाद दिला. तो त्या खोलीतच राहिला.

म्हणे रुसलो होतो, म्हणे झोपलो होतो. त्या खिडकीखालच्या गालिच्यावर, काचेवर आपटून परतलेल्या माझ्या अक्षता पडल्या होत्या.