बारा ऑगस्टचे ढग

हॅलोरनच्या टेकडीवरच्या वेधशाळेत जुनं काही शोधायचं असलं तर नोरीन पास्कोकडे जायचं, आणि जाताना तारीख पाठ करून जायचं. ‘नव्वद सालच्या आसपास कधीतरी’ असं कुणी चाचरत म्हणालं, की नोरीन चष्म्यावरून बघायची आणि म्हणायची, “आसपास म्हणजे तीनशे पासष्ट रात्री. बसा तुम्ही. मी निवृत्त झाले की कळवते.”

मुख्य इमारतीच्या तळघरात तिची खोली. तिथे फळ्यांवर एकेक रात्र ओळीने उभी आहे. आधी हाताने लिहिलेल्या नोंदवह्या, मग ताटाएवढ्या चकत्यांवर गुंडाळलेल्या टेप आणि शेवटी कोपऱ्यात घरघरणारे संगणक. कुणीही आकाशाचा एक तुकडा सांगावा, एक तारीख सांगावी. त्या रात्री इथल्या कुठल्या दुर्बिणीने तिकडे पाहिलं, किती वाजता, कुणी पाहिलं आणि हवा कशी होती, ते नोरीन काढून देणार. या कामाला लागली तेव्हा ती टॅलिस क्रीक गावच्या लोकर-गोदामात गठ्ठ्यांना चिठ्ठ्या लावणारी पोरगी होती. सदर्न क्रॉस हा ठळक तारकासमूह सोडला तर आजही तिला एक तारा ओळखता येत नाही, आणि हे ती तोऱ्यात सांगते. “तारे तुम्ही बघा,” ती प्राध्यापकांना म्हणते, “तुम्ही ते कुठे ठेवलेत ते मी बघते.”

तिचा एक हट्ट होता. एका नोंदीवर विसंबून ती कुणालाही उत्तर देत नसे. मोठ्या दुर्बिणीची वही काही म्हणाली तर शेजारच्या छोट्या डोमची, म्हणजे दुसऱ्या घुमटातल्या दुर्बिणीची, वही काय म्हणते ते बघितल्याशिवाय तिच्या घशाखाली घास उतरायचा नाही. लोक हसायचे. हसोत बापडे. पण तिच्या खोलीतून चुकीचं उत्तर गेलं असं अडतीस वर्षांत कुणी म्हणालं नव्हतं.

मे महिन्यातल्या एका मंगळवारी वेन हॉब्डेचा फोन आला.

“मिसेस पास्को, मी वेन. जॉयचा मुलगा.”

“अरे, तू! मेंढ्या कातरायला क्वीन्सलंडला गेलास म्हणत होते.”

“परत आलो. आजी गेली ना मागच्या महिन्यात. तुमच्याकडे कुणीही काहीही मागू शकतं, असं ऐकलं. खरं का ते?”

“फॉर्म भरला तर पोपनेही मागावं. काय हवंय?”

“एक्याण्णव सालची बारा ऑगस्टची रात्र. ढग होते की नव्हते, एवढंच.”

त्या रात्रीची तारीख टेकडीवर कुणाला सांगावी लागत नव्हती.

जॉय हॉब्डे निरीक्षक राहायचे त्या लॉजच्या स्वयंपाकघरात कामाला होती. मध्यरात्रीनंतर ती डोमवाल्यांना गरम सूप आणि सँडविच पोचवायची, चालत. टेकडीवर अंधार पडल्यावर पांढरा दिवा लावायचा नाही, हा इथला पहिला आणि शेवटचा नियम. चालणाऱ्याने लाल बॅटरी घ्यायची. गाडीवाल्याने पुढचे मोठे दिवे बंद करून, लाल कागद चिकटवलेल्या बारक्या दिव्यांवर, सवयीने वळणं घ्यायची. एका दिव्याने एखाद्याची अख्ख्या वर्षाची मेहनत धुऊन जाते. त्या रात्री जॉय छोट्या डोमला सूप देऊन निघाली आणि सकाळी वळणाखालच्या खडकांत सापडली. ढगांनी चांदणं झाकलं, गुडुप अंधारात तिचा पाय चुकला, असं चौकशीत ठरलं. पडल्यावर ती दोनेक तास जिवंत होती, असंही डॉक्टरांनी लिहिलं होतं. वेन तेव्हा पाच वर्षांचा होता.

“आजी शेवटपर्यंत म्हणत होती की ढग नव्हते,” वेन म्हणाला. “त्या रात्री मेंढ्या व्यायल्या होत्या, ती पहाटेपर्यंत कुरणात होती. म्हणायची, सुई सापडेल एवढं चांदणं होतं. सगळे तिला वेडी म्हणाले. मीसुद्धा. तेवढं बघून द्या, मिसेस पास्को. असतील ढग तर असतील. मग मी तिची माफी मागायची राहिली म्हणून रडत बसणार नाही.”

“शुक्रवारपर्यंत देते,” नोरीन म्हणाली.

तिने त्या रात्रीची नोंद संगणकावर काढली. मोठी दुर्बीण: अर्ध्या-अर्ध्या तासाचे फोटो, एकामागोमाग एक. एक वाजून पन्नास मिनिटांना खंड. दोन चाळीसला परत सुरू, ते थेट उजाडेपर्यंत. खंडापुढे शेरा होता, ‘ढग’. निरीक्षक एल. पी. म्हणजे लेस पास्को, तिचा नवरा आणि तेव्हाचा दुर्बीण-चालक. त्या रात्री पाहुणे शास्त्रज्ञ तापाने लॉजवर झोपले होते आणि लेस त्यांच्यासाठी एकटाच दुर्बीण चालवत होता. चौकशीत ढगांची साक्ष त्यानेच दिली होती. आणि वहीतला हा शेरा पुढे संगणकावर चढवला होता खुद्द नोरीनने.

उत्तर मिळालं होतं. पण हट्ट तो हट्ट. तिने छोटा डोम शोधला. त्या रात्री तिथे एक परदेशी विद्यार्थी पाच-पाच मिनिटांचे फोटो काढत होता. सकाळी सातच्या बसने, जॉय सापडायच्या आधीच, तो आपली प्रत घेऊन मायदेशी गेला होता. मूळ टेप फळीवरच होती. ती कधीच कुणी वाचली नव्हती.

संध्याकाळी चॉप्स खाताना तिने सहज विषय काढला.

“वेन हॉब्डे विचारत होता. बारा ऑगस्टला ढग होते का म्हणून.”

लेसने सुरी खाली ठेवली. “आहे की वहीत.”

“आहे. तरी छोट्या डोमची टेप बघते.”

“कुठली टेप?”

नोरीनने मान वर केली. अडतीस वर्षांत या माणसाने तिला ‘कुठली टेप’ असं कधी विचारलं नव्हतं. तिच्या कामाला तो ‘चिंध्यांचं दुकान’ म्हणायचा.

“तेहेतीस वर्षांची टेप ती, चिकटली असेल,” तो म्हणाला. “वाचताना सोलून निघेल. कशाला उगाच मढी उकरतेस?”

“उकरत नाही, वाचतेय. आणि चिकटलेल्या अकराशे वाचल्यात मी.”

“मग मी भाजून देतो. माझं यंत्र मोठं आहे.”

जुन्या टेपचा लेप दमट होऊन चिकट होतो. ती मंद आचेवर आठ तास शेकावी लागते आणि मग एकदा, फार तर दोनदा, वाचता येते. त्यासाठी नोरीन फळं सुकवायचं साधं यंत्र वापरायची. तसंच एक लेसकडे होतं, जर्दाळू सुकवायला. तो इतक्या गोडीने बोलला की तिला खरंतर बरं वाटायला हवं होतं. रात्रभर तिचा डोळा लागला नाही.

बुधवारी सकाळी तिने टेप तळघरातल्या यंत्रात ठेवली, पंचावन्न अंशांवर. दहा वाजता लेस आला. निवृत्त झाल्यापासून तो वर्षातून एकदा, नाताळच्या पार्टीपुरता, टेकडी चढायचा. म्हणे, इकडून चाललो होतो. टेकडीवरून पुढे कुठे कुणी जात नाही. रस्ता तिथेच संपतो.

“झाली का भाजून?” त्याने विचारलं.

“आठ तास, लेस. तुझे जर्दाळू तरी दोन तासांत होतात का?”

तो हसला. हसताना त्याची नजर यंत्रावरच होती. बाराला नोरीन वर कँटीनमध्ये सँडविच आणायला गेली. गर्दी नव्हती, दहाच मिनिटांत परत आली. लेस गेला होता. खोलीत जळक्या प्लॅस्टिकचा बारीक वास होता. तिने झाकणाला हात लावला आणि झटकन मागे घेतला. यंत्राचं बटण शेवटच्या आकड्यापर्यंत फिरवलेलं होतं.

तिने बटण मागे फिरवलं, झाकण उघडलं, टेप बाहेर काढली. चकतीची एक कड किंचित वाकली होती. बाकी शाबूत. मग ती जमिनीवरच बसली. टेपवर काय आहे ते तिला अजून माहीत नव्हतं. पण आता ते न वाचताही अर्धं कळलं होतं, आणि उरलेलं अर्धं कळून घ्यायची तिला भीती वाटत होती. एकेचाळीस वर्षं ज्याच्या शेजारी आपण झोपलो त्याची भीती वाटावी, याचा तिला संताप आला. ती टेप परत यंत्रात ठेवून त्याला पाठ लावून बसली आणि रात्री आठपर्यंत जागची हलली नाही.

घरी लेसने तिच्यासाठी चहा केला. तिने तो ओतून दिला, त्याच्या देखत.

गुरुवारी टेप एकदाच चालली. कडेचा लेप वाचक यंत्राच्या तोंडावर तपकिरी भुकटी होऊन पडत होता आणि फोटो एकेक करून पडद्यावर येत होते. एक पन्नासचा फोटो: तारे टाचणीच्या टोकासारखे. एक पंचावन्न, तसेच. दोन वाजता, तसेच. ढगाचा मागमूस नाही. म्हातारी खरं बोलत होती.

दोन वाजून पाच मिनिटांना सुरू झालेला फोटो मात्र पांढराफटक होता. तारे बुडाले होते. त्याच्या पुढचा परत स्वच्छ, काळाभोर. फोटोबरोबर विद्यार्थ्याने टाइप केलेली एक ओळ होती: ‘२.०९. खालच्या वळणावर कुणी मूर्खाने गाडीचे मोठे दिवे लावले. मिनिटभरात बंद केले, नशीब.’

नोरीनने ती ओळ कितीदा वाचली याची मोजदाद नाही. मग तिने मोठ्या दुर्बिणीची यादी शेजारी उघडली. दोन चाळीस. तीन दहा. तीन चाळीस. चार दहा. एकही फोटो हललेला नाही, एकही वेळ चुकलेली नाही. त्या हंगामातलं सगळ्यात उत्तम काम म्हणून त्या रात्रीची वाखाणणी झाली होती. आणि तेवढा वेळ जॉय खाली खडकांत जिवंत होती.

शुक्रवारी दुपारी लेस परत आला. या खेपेला त्याने कुठे चाललो होतो ते सांगितलं नाही. दार लावून घेतलं आणि टेबलापाशी उभा राहिला. नोरीन खुर्चीतून उठली नाही. टेबल मध्ये आहे याचंच तिला बरं वाटलं.

“वाचलीस?” त्याने विचारलं.

“वाचली. कुठे निघाला होतास?”

“सिगारेट संपल्या होत्या. लॉजवर होत्या, खोलीत.” तो खाली बघून बोलत होता. “कांगारू वाटला मला, नोरीन. देवाशपथ. धाडकन आवाज झाला, मला वाटलं कांगारू.”

“मग दिवे लावलेस.”

त्याने मान डोलावली.

“दिवे लावलेस आणि बघितलंस. दिसली ना ती तुला?”

“हात हलत होता,” लेस म्हणाला. “काहीतरी म्हणत होती. नोकरी गेली असती गं. आपलं नुकतंच घर झालं होतं. मला काही सुचेना.”

“सुचलं की. दिवे बंद करायचं सुचलं. का केलेस बंद?”

त्याने तिच्याकडे असं पाहिलं, जणू हा प्रश्न विचारण्यासारखाच नव्हता.

“शेजारच्या डोममध्ये काम चालू होतं ना,” तो म्हणाला.

नोरीनला रडू आलं असतं तर बरं झालं असतं. जॉयसाठी, त्या पोरासाठी, आपल्या वाया गेलेल्या वर्षांसाठी. पण किळस एवढी आली की रडूही आटलं. तिने संगणक पुढे ओढला. वेधशाळेत जुनी नोंद पुसता येत नाही. तिच्याखाली दुरुस्ती लिहायची आणि नाव घालायचं. तिने लिहिलं: ‘१.५० ते २.४०. आकाश निरभ्र. निरीक्षक दुर्बिणीपाशी नव्हता. आधीची नोंद मी चढवली होती, ती खोटी आहे. एन. पास्को.’

“नोरीन, नको,” लेस म्हणाला. “मी एकाहत्तरचा आहे. आता कुणाचं काय भलं होणार आहे?”

तिने नोंद पक्की केली. मग फोन उचलला.

“वेन, ढग नव्हते. तुझी आजी बरोबर होती. गाडी काढ आणि वर ये. उरलेलं फोनवर सांगण्यासारखं नाही. आणि ज्याने सांगायचं तो इथेच उभा आहे.”

तिने फोन ठेवला. लेसने दाराकडे पाहिलं, पण गेला नाही. कोपऱ्यात पाहुण्यांसाठी ठेवलेली खुर्ची ओढून तो बसला.

“किती वेळ लागतो रे गावातून वर यायला?” तिने विचारलं, माहीत असून.

“चाळीस मिनिटं,” लेस म्हणाला. “तो भरधाव येईल. तीस.”

मग दोघं समोरासमोर बसून गाडीच्या आवाजाची वाट बघत राहिले.