मृणालने ग्रुप सोडला

मंडळी, आज मन फार खट्टू झालंय.

विद्यानगरच्या मृणालला शिडाची होडी शिकायचीय. पोहता येत नाही, म्हणून विचारायला लाजत होती. "आपल्या बोटिंग ग्रुपवर बिनधास्त विचार," असं मीच तिला म्हटलं.

सकाळी तिने विचारलं. पहिलं उत्तर माझ्या मित्राचं, विनयचं: "आधी बादलीत बसून सराव कर!" खाली हसऱ्या इमोजींची रांग. हुसेनसागरात याची होडी पहिल्यांदा उलटली, तेव्हा हा माझा हात सोडत नव्हता!

मी विनयला फोन केला. म्हणाला, "मजाक केला ना यार! हौली झालीस का तू?" हौली म्हणजे आमच्या हैदराबादेत वेडी.

तोवर मृणाल ग्रुप सोडून गेली होती. मी तिला लाइफ जॅकेटपासून सगळं नीट समजावून लिहिलं.

तिचं उत्तर आलं, "राहू द्या ताई. आता तुमच्यावरही विश्वास ठेवायची भीती वाटते."

तुम्ही तिला काय लिहिलं असतं?