भाडं चालतं, माणूस नाय

आक्का कुणाला शिवी देत नसत. एखादा माणूस मनातून उतरला की त्याला त्या ‘हुशार’ म्हणत, आणि त्यांच्या तोंडून हा शब्द ज्याच्या वाट्याला येई त्याची उरलीसुरली अब्रूही जाई. विद्यापीठाजवळच्या कॉलनीत, पत्र्याच्या शेडमध्ये त्यांची खानावळ होती. शिकत असताना मी तिथंच जेवायचो. कॉलनीत हुशार माणसांना तोटा नव्हता.

सगळ्यांत हुशार होते शेठ. शेड त्यांची, शेजारची तीन मजली इमारतही त्यांचीच. गच्चीवरच्या खोल्या ते सुदान-टांझानियाहून शिकायला आलेल्या काळ्या मुलांना देत, इथल्या मुलांच्या दुप्पट भाड्यानं. त्यांना दुसरीकडं कुणी दारात उभं करत नाही, हे शेठना पक्कं ठाऊक होतं. शिवाय मुलांनी पुढच्या जिन्यानं यायचं नाही, कारण ‘फॅमिलीवाले राहतात’. मागं लोखंडी शिडी होती. “भाडं चालतं, माणूस नाय चालत,” भाकरी वाढताना आक्का म्हणायच्या, शेठना ऐकू जाईल एवढ्या आवाजात.

असल्या मालकांचा तिरस्कार आक्कांनी लहानपणीच कमावला होता. माहेर पैठणकडचं, मेंढपाळांचं. खतासाठी बागायतदार त्यांची मेंढरं शेतात बसवून घेत. “लेंड्या पडूस्तोवर आम्ही पाव्हणे. सकाळी इहिरीवर गेलो की चोर. तवाच्या मालकाला फेटा होता, ह्याला सफारी हाय. बाकी काय बदललंय?”

आमच्या पंगतीत गच्चीवर राहणारा इद्रिस नावाचा सुदानी मुलगा होता. ठेच्यानं डोळ्यांत पाणी आलं तरी “आक्का, और” म्हणून ताट पुढं करायचा. एका पावसाळ्यात त्याला डेंग्यू झाला. शेठनी त्याचं सामान शिडीखाली आणून ठेवलं. “घरात लहान मुलं आहेत आमच्या. हे लोक तिकडून काय काय घेऊन येतात, काय सांगावं?”

“डास बी त्यानं सुदानहून आणला व्हय?” आक्कांनी विचारलं आणि दोन बाकडी जोडून इद्रिसला खानावळीतच झोपवलं. डॉक्टरला तिथंच बोलावलं. काही गिऱ्हाइकं यायची बंद झाली. आक्कांनी त्यांना निरोप धाडला, “आजारी माणूस बघून ज्याची भूक जाते त्यानं उपासच करावा.”

इद्रिस हिंडूफिरू लागला तसे शेठ आले. “आक्का, तुम्ही राहा. फक्त ही मुलं खानावळीत नकोत. कॉलनीचं नाव खराब होतं.”

“त्यांचं भाडं मोजताना नाय होत?”

शेठनी महिन्याभरात शेड रिकामी करायला सांगितली. तिथं त्यांच्या सुनेनं कातडी उजळ करून देणारं पार्लर काढलं. गच्चीवरच्या खोल्या मात्र तशाच चालू राहिल्या, भाडं वाढवून.

आक्का निघाल्या त्या दिवशी मोठी पातेली टेम्पोत चढवायला गच्चीवरची सगळी मुलं उतरली. शेठही आले. कॉलनीसमोर वाईट दिसू नये म्हणून असेल. “आक्का, आमच्या मनात काही नव्हतं हो.”

“ठाऊक हाय,” आक्का म्हणाल्या. “मनाच्या जागी गल्लाच बसवलाय तुम्ही.”

पैठणला लेकीच्या घरी त्या चार-पाच वर्षं होत्या. शेवटच्या आजारपणात मी भेटायला गेलो. इद्रिस तेव्हा कुठल्याशा गोऱ्यांच्या देशात, मालाच्या गोदामात रात्रपाळी करत होता. पदवी होती, पण ऑफिसातल्या खुर्चीच्या आड त्याचा रंग येत होता. खोलीचं भाडं इतरांपेक्षा जास्त, हेही त्यानं फोनवर सांगितलं होतं. मी ते सगळं आक्कांना सांगितलं.

“तिथं बी शेठ हायेत व्हय?” त्यांना हसू आलं, मग खोकला. खोकला ओसरल्यावर त्या म्हणाल्या, “त्याला सांग, जेवण टाळू नको. ही हुशार माणसं संपायला लई येळ लागणार हाय.”