खाडाखोडीची खूण

चिसांगाच्या आईला वेडीवाकडी रेघ खपत नसे. कित्वे शहराच्या वीजकंपनीत वीस वर्षं तिने तारांचे नकाशे शाईने काढले. चूक झाली की ब्लेडने खरवडायची, पण त्याची खूण कागदावर कायम राहायची. मग संगणक आला. पडद्यावरचं चिन्ह माउसने ओढलं की त्याला जोडलेल्या रेघा आपसूक मागे येत, आणि आधी काय होतं याचा मागमूस उरत नसे. बाई हरखून गेली.

खांबावर चढणारा कालुबा तिला चिडवायचा, "चिसांगाच्या आई, घरी मक्याची न्शिमासुद्धा पट्टी लावून वाढता का हो?" छापील नकाशा खिशात घालताना मात्र म्हणायचा, "तुमच्या भरवशावर मी डोळे मिटून चढतो."

मंगळवारी तिला दोन रेघा एकमेकींवरून जाताना दिसल्या. तिने चौदा नंबरचा स्विच जरासा बाजूला ओढला. नकाशा कसा देखणा झाला! पण ओढताना तो स्विच नकाशात शेजारच्या लाइनला चिकटला होता, आणि ते तिच्या लक्षातच आलं नाही. बुधवारी कालुबाला त्याच शेजारच्या लाइनवर काम होतं; नकाशा बघून त्याने चौदा नंबर बंद केला. तारेत वीज आहे का हे तपासायचं यंत्र महिनाभर मोडून पडलं होतं, त्याची कुणाला फिकीर! तो तसाच चढला. लाइन चालू होती. तो गेला, खिशातला नकाशाही जळाला.

बातमी ऐकून तिने पडद्याकडे पाहिलं, तर चौदा नंबर भलत्याच लाइनवर होता. आणखी कुणी चढू नये म्हणून तिने आधी स्विच जागेवर नेला. मग साहेबांकडे धावली.

"साहेब, चूक माझी आहे."

साहेबांनी नकाशा उघडला. "कुठाय चूक? बरोबर तर आहे."

"मी आत्ता दुरुस्त केली."

"खूण दाखवा."

खूण कुठून दाखवणार?

"घरी जा, बाई. तुमचं डोकं ठिकाणावर नाही."

कालुबाच चुकला, असा अहवाल गेला. स्वतःच्या चुकीने मेलेल्याच्या बायकोला कंपनीच्या खोलीत राहू देत नाहीत. आठ दिवसांची मुदत मिळाली.

कालुबाच्या घरी बायका जमिनीवर बसून रडत होत्या. ती त्याच्या बायकोजवळ टेकली.

"बुपे, तो नाही चुकला गं. मी चुकले."

"असं नका बोलू, चिसांगाच्या आई. साहेबांनी दाखवला मला नकाशा. तुमची रेघ बरोबर आहे."

कमरेला गुंडाळलेल्या चितेंगे कापडाचं टोक उचलून बुपेनेच तिचे डोळे पुसले. दाराशी भांड्यांची पोती बांधून ठेवली होती.