स्वल्पअक्काचं तळं

आमच्या आनेकलच्या घरात फोन वाजला की कुणी पटकन उचलायचं नाही. एकदा उचलला, तेव्हा वडिलांची, आमच्या अण्णांची, बोटं कारखान्यातल्या प्रेसखाली गेल्याचं कळलं होतं. त्यानंतर अण्णा घरी बसले, आई कपड्यांच्या कारखान्यात कॉलर शिवायला जाऊ लागली आणि फोन वाजला की आम्ही आधी एकमेकांच्या तोंडाकडे बघायला लागलो. अशा घरातून मी बी.सी.ए. करायला शहरात निघाले. आमच्यात त्याआधी कुणी कॉलेजची पायरी चढलं नव्हतं. हे मी आजही कुणी न विचारता सांगते. राहायला जागा दिली अण्णांच्या मावसबहिणीनं, तिथल्या मारतहळ्ळी भागात. वाटलं, चला, भीतीच्या घरातून सुटले.

दार साखळीपुरतं उघडलं. फटीतून एक डोळा दिसला.

"स्वल्प थांब. तू तीच कशावरून?"

"अक्का, आत्ताच फोनवर बोललो की आपण."

"आवाज कुणीही काढतंय. तुझ्या अण्णाला लहानपणी काय म्हणत होतो, सांग."

"गुंडू."

मग साखळी निघाली. 'स्वल्प' म्हणजे कन्नडमध्ये थोडं. तिचं एक वाक्य त्याच्याशिवाय सुरू होत नसे, म्हणून सगळी गल्ली तिला स्वल्पअक्का म्हणायची. लिफ्टमध्ये ती पाऊल टाकत नसे. कुकरची शिट्टी व्हायची वेळ आली की स्वयंपाकघराबाहेर येऊन उभी राहायची. नवरा वारलेला, मुलगी परदेशी. दूध, भाजी, औषधं सगळं दारात यायचं. आणि ही बाई रोज सकाळी देवपूजा आटोपली की पदर खोचून जग हिंडायला बसायची.

मुलीनं जाताना कॉम्प्युटर ठेवला होता आणि त्यावर एक जग उघडून दिलं होतं, इथे भेटत जाऊ म्हणून. तिथे कंपनीनं फक्त मोकळी जमीन दिलेली. त्यावर जे होतं ते येणाऱ्यांनीच बांधलेलं. थंड देशातल्या एका निवृत्त खलाशानं दीपगृह उभारलं होतं. कुणी आयुष्यात आपण बसलो त्या सगळ्या खुर्च्यांची बाग केली होती. बहिऱ्या मंडळींचं चहाचं दुकान होतं. तिथे गप्पा टाइप करूनच व्हायच्या. मुलगी कामात बुडाली, यायची बंद झाली. अक्का राहिली. रविवारी ती नवख्यांना घेऊन ही ठिकाणं दाखवायला निघे. पडद्यावरच्या तिच्या बाहुलीला जांभळं लुगडं होतं आणि पायात धावायचे बूट. मी हसले तर म्हणाली, "पळावं लागलं तर?"

तिची एक रीत होती. कुणाच्याही ठिकाणी शिरताना उंबऱ्याबाहेर थांबायचं, "येऊ का?" असं लिहायचं आणि आत चिटपाखरू नसलं तरी थोडं थांबायचं. निघताना दाराशी एक छोटी रांगोळी ठेवायची. घरधन्याला परत आल्यावर कळावं, कुणीतरी येऊन गेलं, काही मोडलं नाही. बघता बघता दीपगृहवाला म्हातारासुद्धा लोकांच्या दाराशी रांगोळ्या ठेवायला लागला. अक्कानं त्याला 'अण्णा' म्हटलं होतं. त्यानं तेच नाव लावून घेतलं.

तिथेही तिची भीती सुटत नसे. आत गेली की आधी वर बघायची.

"अक्का, छप्पर पडलं तरी काय होणार? खरं नाही ते."

"छप्पर खरं नाही, सरी, बरोबर. माझ्या छातीत धडधडतंय ते?"

मलाही कॉलेजात इंग्रजीतून प्रश्न विचारला की तसंच व्हायचं.

तिनं स्वतः बांधलं होतं ते तळं. लहानपणी तिच्या घरामागे होतं, आता तिथे काचेच्या इमारती आहेत. ती त्याला 'आमची केरे' म्हणायची. पाणी तिनं केलं, बगळे चहावाल्यांनी दिले, दिवा दीपगृहवाल्या अण्णानं. घाटाच्या पायऱ्या माझ्या. पहिल्यांदा मी त्या इतक्या उंच केल्या की अक्काची बाहुली दुसऱ्याच पायरीवर अडकली. "ह्या काय राक्षसाला?" म्हणत तिनं मला परत करायला लावल्या, त्यानंतरही परत. हातात काहीतरी घडवायची कला आहे हे मला त्या पायऱ्यांवर कळलं. काठावर अक्कानं एक पाटी लावली होती: आमच्याच गल्लीच्या बसथांब्याची, हुबेहूब. तिथे उभं राहिलं की घरी आल्यासारखं वाटतं, म्हणायची.

तीच पाटी नडली. एका दुपारी तळ्यावर चार-पाच अनोळखी बाहुल्या आल्या. एकालाही चेहरा नव्हता, चेहऱ्याच्या जागी सपाट काळं. "येऊ का" नाही, काही नाही. त्यांनी पाण्यात काळ्या पेट्या टाकायला सुरुवात केली. बगळे, दिवा, माझ्या पायऱ्या, एकेक करून सगळं काळ्याखाली गेलं. अक्कानं लिहिलं, "कोण तुम्ही?" त्यातला एक तिच्या बाहुलीच्या अगदी तोंडाशी येऊन उभा राहिला. त्यानं आमच्या गल्लीचं नाव लिहिलं. मग लिहिलं, "घरी आहेस ना?"

अक्कानं कॉम्प्युटरची वायरच ओढली. पडदे लावले, साखळी लावली आणि मला हाताला धरून स्वयंपाकघरात नेलं. तेवढ्यात बेल वाजली. आम्ही दोघी ओट्याला पाठ लावून खाली बसलो. बेल पुन्हा वाजली, मग दार ठोठावलं. माझ्या मनगटात अक्काची नखं रुतली होती. मी पडद्याच्या फटीतून बघितलं तर सिलिंडरवाला, बाहेरून ओरडत होता, "अक्का, गॅस बेडवा?" नको का गॅस, म्हणून. तरी तिनं दार उघडू दिलं नाही. दोन दिवस आम्ही शेजारणीच्या शेगडीवर शिजवून जेवलो.

दारात कधी कुणी आलं नाही. पण भीती आली ती राहिली. अक्कानं त्या पेट्या काढून घेतल्या, मग सगळ्यांना सांगितलं, आपापल्या वस्तू माझ्या नावावर करा, मी कुलूप लावते. लोकांनी विश्वासानं केल्या. त्या जगाचा नियम असा, की कुलूप लावलेल्या वस्तूवर दुसऱ्याला काही टाकता येत नाही, आणि ते कुलूप ती ज्याच्या नावावर, त्याच्याच हातून निघतं. आणि माणसाचं खातं बंद झालं की त्याच्या नावावरचं सगळं नाहीसं होतं. पहिली ओळ अक्काच्या लक्षात राहिली. दुसरीकडे तिनं बघितलं नाही, आम्हीही नाही.

मी शेवटच्या वर्षाला असताना तिच्या छातीतली धडधड वेगळी निघाली. झडप बदलावी लागेल, वय बघता धोका आहे, असं डॉक्टर म्हणाले. घरी आल्यावर अक्का म्हणाली, "मी गेले तर केरे?"

"अक्का, असं बोलू नका."

"स्वल्प ऐक. कुलपानं राहिली असं मला वाटत होतं. मी गेले की कुलपासकट जाईल. एकदा इमारतींसाठी बुजवली ती केरे, आता माझ्या हातानं पुन्हा."

उपाय एकच होता. प्रत्येक वस्तूचं कुलूप तिनंच काढायचं आणि ती सगळ्यांच्या मिळून नावावर करायची. पण कुलूप काढलं की ते काळ्या तोंडाचे पुन्हा येऊ शकत होते. ती माऊसवर हात ठेवायची, काढून घ्यायची. दवाखान्यात जायच्या दिवशी सकाळी मात्र बसली. तळ्याकाठी सगळे जमले होते. दीपगृहवाल्या अण्णानं विचारलं, "ते परत आले तर?"

अक्कानं लिहिलं, "येतील. तुम्ही परत बांधा."

एकेक वस्तू सुटत गेली. पाणी, बगळे, दिवा, पायऱ्या. खाली रिक्षावाला हॉर्न देत होता. पाटी तेवढी राहिली. मी म्हटलं, "अक्का, ही?"

"ही असू दे माझ्याच नावावर. हिच्यामुळेच त्यांना गल्ली कळली. हिला मी घेऊन जाते."

त्या दिवशी ती लिफ्टनं उतरली. डोळे मिटून, माझा हात घट्ट धरून, पण उतरली.

शस्त्रक्रियेनंतर ती शुद्धीवर आली नाही. दवाखान्याचा फोन वाजला तेव्हा खोलीत मी एकटीच होते. तो मी पहिल्याच रिंगला उचलला.

महिन्याभरानं मुलीनं कंपनीला सांगून तिचं खातं बंद केलं. अक्काच तसं बजावून गेली होती. दुसऱ्या दिवशी मी कॉम्प्युटर लावला. तळं उघडलं. पाणी होतं. बगळे होते. घाटावरून मी सावकाश उतरले, पायऱ्या धड होत्या. पाटी गेली होती. तिच्या रिकाम्या जागेभोवती कुणीकुणी रांगोळ्या ठेवल्या होत्या, बाहेरून, आत पाऊल न टाकता.

ते काळ्या तोंडाचे त्यानंतर एकदा आले. आम्ही परत बांधलं.

मी पदवीधर झाले, आमच्या घराण्यातली पहिली. अशीच ठिकाणं घडवायची नोकरी करते. तळं जागेवर आहे आणि त्याला कुलूप नाही.