धाब्यावरची दुर्बीण, खालचं जातं

पिंपळनेरच्या शाळेत मास्तर असताना मी एक पितळी दुर्बीण विकत घेतली. बदली होऊन निघालेल्या एका साहेबाने सामान विकायला काढलं होतं, त्यात ती तिच्या लाकडी तिपाईसकट होती. घरात आम्ही दोघंच, मी आणि माझी थोरली विधवा बहीण, अक्का. माझी बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती. मला टोकणारं कुणी नव्हतं, आणि माझ्यासारख्या हेकट माणसाला ते फार सोयीचं होतं.

दुर्बीण लावणं हे काम ऐकायला सोपं. मोठ्या नळीच्या पाठीवर एक छोटी दुर्बीण असते. दोघींची नजर एकाच जागी लागली पाहिजे, नाहीतर छोटीत तारा दिसतो आणि मोठीत नुसता अंधार. हे जुळवायचं दिवसाउजेडी, लांबची वस्तू धरून. मी आधी देवळाचा कळस धरला. तो फार जवळ होता, रात्री सगळं चुकलं. मग डोंगराच्या धारेवरचं एकुलतं शिंदीचं झाड धरलं आणि छोटीचे तीन स्क्रू पिळत दुपार घालवली. दुर्बीण मी धाब्यावर, घराच्या सपाट मातीच्या छतावर, मांडली होती; अक्का तिथे मिरच्या वाळत घालायला आली होती. तिला म्हटलं, बघ. तिने डोळा लावला आणि खुदकन हसली.

"भाऊ, तुनी दुर्बीण झाडले उलटं टांगस!"

ती हसली की मला नवल वाटे, कारण ती फारशी हसत नसे. तिची एकच लेक, सहा वर्षांची, देवीच्या साथीत गेली होती. तिचं नाव आमच्या घरात कुणी घेत नसे.

त्या दिवाळीनंतर गुरू पहाटे चांगला दिसू लागला. त्याच्या चार चंद्रांची जागा रोज बदलते. ती रोज वहीत काढायची, असं मी मनाशी ठरवलं. पण डोळा लावला की गुरू थरथरायचा. तिपाईच्या पायांखाली विटा घातल्या. विटांखाली गोणपाट घातलं. मधोमध वाळूची पिशवी टांगली. स्वतः श्वास रोखून उभा राहिलो. तरी ते चार ठिपके नाचतच राहिले.

एका पहाटे ते एकदम स्थिर झाले, आणि थोड्या वेळाने पुन्हा हलू लागले. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. बरोबर खालच्या खोलीत अक्का दळत होती. मधे दाणे घ्यायला ती थांबली होती. जात्याची घरघर खांबातून, छताच्या लाकडी सऱ्यांतून, धाब्याच्या मातीतून थेट माझ्या गुरूपर्यंत पोचत होती.

अक्का दळताना गायची. ते गाणं तिचं स्वतःचं होतं, दुसऱ्या कुणाला ते येत नव्हतं. अंथरुणात पडल्या पडल्या मी ते वर्षानुवर्षं ऐकलं होतं. त्यात तिची लेक मेलेलीच नव्हती. ती दरवर्षी वाढत होती. तिचं लग्न झालं, ती सासरी नांदू लागली, आणि त्या हिवाळ्यात ती पहिल्या आखाजीला माहेरी यायला निघाली होती. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आमच्याकडे सासुरवाशिणी येतात, झोके बांधतात, गातात. गाण्यात रोज तिची बैलगाडी थोडी थोडी पुढे यायची.

हे सगळं मला ठाऊक होतं. तरी मी जिना उतरलो आणि दारातून म्हणालो, "अक्का, जातं बंद कर. वर बठ्ठं हालस."

ती ओळीच्या मधेच थांबली. खुंट्यावरचा हात तसाच होता.

"बरं. दुपारले दळसू. मनं काय जास?"

दुसऱ्या दिवसापासून ती दुपारी दळू लागली. दुपारी शिकवणीची मुलं ओट्यावर बसत. त्यांच्यासमोर ती गाणार नव्हती, मुकाट्याने दळायची. मला ते समजलं नव्हतं असं म्हणालो तर खोटं होईल. ती गात नाही म्हणून शिकवणीत मुलांचं लक्ष राहतं, याचं मला बरंच वाटलं होतं. वही मात्र भरत गेली. इतक्या नेटक्या आकृत्या मी पुन्हा कधी काढल्या नाहीत.

आखाजी आली. गल्लीतल्या लेकीबाळी लिंबाला झोका बांधून गात होत्या. त्यांनी अक्काला बोलावलं. ती नुसती मान हलवून घरात गेली. त्या संध्याकाळी मी तिला सांगितलं की माझं पहाटेचं काम संपलं, आता तू पहिल्यासारखी दळ.

ती पहाटे दळू लागली. मी अंथरुणात कान देऊन पडून राही. नुसती घरघर ऐकू येई. चौथ्या दिवशी मला राहवेना. उठून तिच्यासमोर जाऊन बसलो.

"अक्का, म्हन ना."

"काय म्हनू?"

"पोरनं गानं."

"नही येत आते, भाऊ." तिने जातं थांबवलं नाही. "गाडी नदीमा उतरेल व्हती. तवय तू खाले उना. तवयपाइन ती तठेच शे."

म्हणजे मी जिना उतरलो त्या पहाटेपासून पोरीची गाडी नदीतच उभी होती. ती पुढे म्हणाली, "तू मास्तर शेस ना? तूच लई ये तिले घर."

ती रागाने बोलली नव्हती; गाणं पुढे म्हणून पोरीला मी घरी आणावं, असं तिला खरंच वाटत होतं. मी खुंट्याला हात लावला, तिच्या हाताखाली. एवढी वर्षं ऐकलेलं काहीतरी ओठांवर येईल असं वाटलं होतं. गाडीचे बैल कोणत्या रंगाचे, बरोबर कोण होतं, पोरीने आईसाठी काय बांधून घेतलं होतं, यातलं काहीही मला आठवेना. त्या हिवाळ्यातल्या कुठल्या पहाटे कोणता चंद्र गुरूच्या कोणत्या बाजूला होता, ते मात्र मी वही न उघडता सांगू शकलो असतो.

 अक्काने मूठभर ज्वारी जात्यात टाकली, माझा हात बाजूला केला आणि एकटीच ओढू लागली.