सुलतानाच्या कबरीबाहेर

मोरोक्कोतल्या मेकनेस शहरात एका जुन्या सुलतानाची कबर आहे. आम्ही सहलीतली माणसं चपला काढून आत निघालो, तेव्हा आमचा वाटाड्या यूसुफ उंबऱ्याबाहेरच थांबला आणि दाराकडे पाठ करून उभा राहिला.

"तुम्ही येत नाही?" मी विचारलं.

"नाही. या सुलतानाला फौज हवी होती. त्याने गावोगावची काळ्या कातडीची माणसं धरून आणवली. माझे पूर्वज कुणाचे गुलाम नव्हते, आपली शेती करून होते. पण रंग पाहिला आणि त्यांनाही उचललं."

तेवढ्यात आमच्यातले एक गृहस्थ आतली नक्षी बघून बाहेर आले. "काय काम करून ठेवलंय! राजा असावा तर असा," म्हणत त्यांनी यूसुफच्या हातात कॅमेरा दिला आणि ते दारात ऐटीत उभे राहिले. यूसुफने फोटो काढला.

राजा मेला की त्याचं राज्य संपलं, असं आपण उगीच समजतो. त्याच्या भिंतींची डागडुजी होत राहते, आणि त्याने ज्यांना चिरडलं त्यांच्याच वंशजांना त्याची थोरवी सांगून पोट भरावं लागतं.

"घरी मुलांना सांगता हे?" मी विचारलं.

"मुलीला सांगितलं होतं. तिने परीक्षेत तेच लिहिलं आणि नापास झाली. आता सुलतानाची थोर कामं मीच तिच्याकडून पाठ करून घेतो. पुढे शिकायचंय ना तिला."